चरबीतल्या गाठी

हॉस्पिटलच्या तपासणी विभागात मी तंत्रज्ञ. कापून काढलेलं आतडं आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डब्यात येतं. त्याला चिकटलेल्या चरबीत लसिकाग्रंथी दडलेल्या असतात, मुगाएवढ्या, कधी मोहरीएवढ्या. ही पांढऱ्या पेशींची ठाणी. कॅन्सर पुढे सरकला असेल तर बहुधा आधी इथेच सापडतो, म्हणून डझनभर तरी गाठी हाती लागायला हव्यात.

माझा हात त्यात बसला होता. पेडण्यात खाडीकाठी वाढलेल्या मुलीला ते वेगळं शिकवायला नको. चिखलात न बघता खुबे, म्हणजे शिंपले, काढायचे. दगड कुठला, खुबा कुठला, ते बोटांना कळतं. डोळे फाडून गाठी शोधणाऱ्यांची मी मनातल्या मनात थट्टा करायचे. गर्व म्हणा हवं तर.

एके दिवशी डब्यावर बाबांचं नाव आलं. बाबा डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. आमच्या डॉक्टरबाईंनी मला दूर बसवलं आणि चरबी स्वतः कापली. आठ गाठी मिळाल्या, आठही स्वच्छ. बाबांना ते कळलं आणि केमो टळली म्हणून त्यांनी घरी जायला पिशवीही भरली.

आठ! मला राहवेना. "बाई, उरलेली चरबी मला द्या," मी हट्टच धरला. तासभर चाचपत बसले. आणखी सहा निघाल्या.

दोन दिवसांनी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. जांभळ्या पेशींच्या दाटीत, एका गाठीच्या कडेला कॅन्सर बसला होता. आता केमो घ्यावी लागणार, हे बाबांना मीच सांगितलं.

"बरो घराक चललंय, आणि तू माका परत अडकवलंस!" ते ओरडले.

"बाबा, तो कॅन्सर नाक्यारच अडवलेलो आसा," मी म्हटलं. "तुमच्याच पेशींनी धरून ठेवलो. आता सोडूचो नाय."

बाबांनी सगळे डोस घेतले, प्रत्येक डोसाआधी मला शिव्या घालून. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते ठणठणीत आहेत आणि मला याचा उघड उघड अभिमान आहे.

मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. त्यांना भेटायला जाण्याआधी बाबांनी मला फोन केला. तब्येत नाही, काही नाही, पहिलाच प्रश्न:

"तेची चरबी तूच तपासलंस ना गो?"