धाकटीचा ण

माझ्या धाकट्या जावेचं बरं झालेलं मला बघवलं नाही. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

आम्ही सांगलीत एकाच घरात राहायचो. मी थोरली. माझं माहेर साताऱ्याचं, वडील शाळामास्तर. आमच्या घरी कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं, तर वडील तो शब्द दहा वेळा म्हणायला लावायचे आणि मगच पाणी द्यायचे. धाकटी मेढ्याच्याही पुढं डोंगरातल्या गावची, वडील फौजेत. ती घरात आली तीच 'आमी', 'तुमी', 'न्हाई', 'व्हय' घेऊन. मी तिचं बोलणं दुरुस्त करायचे नाही. नुसती कपाळाला आठी घालायचे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणायच्या, "अगं, तिला काय बोलायचं ते बोलू दे, भाकरी झ्याक करती." भाकरी ती खरंच झ्याक करायची. तेही मला आवडायचं नाही.

मला नकला करायची हौस लग्नाआधीपासूनची. सांगलीत आल्यावर महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी एक कार्यक्रम बसवला. मुलगी बघायला आलेल्या बाया कशा असतात, त्यांच्या नकला. 'चालून दाखव', 'नाक जरा बसकंच आहे नाही', 'पोह्यांत साखर घालता का तुम्ही' असल्या चार तऱ्हांच्या चार बाया मी एकटीच करायचे. सगळं माझं स्वतःचं, वहीत लिहून काढलेलं. फक्त समोर खुर्चीवर मान खाली घालून बसायला एक मुलगी हवी होती. धाकटीला बसवलं. तिला एकही वाक्य नव्हतं.

पहिल्याच कार्यक्रमाला बाया पोट धरून हसल्या. मीही खूश. तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमाला माझ्या लक्षात आलं, की मी बोलत असते तेव्हा बाया माझ्याकडं बघतच नाहीत. ही बया पदराचं टोक चावते, मध्येच चोरून पोह्यांच्या बशीकडं बघते, एक डोळा वर करून पुन्हा खाली घालते, आणि हशा तिथं पिकतोय. मी घरी येऊन तिला सांगितलं, "नुसतं बसायचं. हलायचं नाही." ती म्हणाली, "बरं आक्का." पुढच्या वेळी ती अजिबात हलली नाही. तेव्हा तर बाया जास्तच हसल्या. आता बोला!

अशी तीन-चार वर्षं गेली. मग पेपरात जाहिरात आली. मुंबईचे काही लोक टीव्हीसाठी मालिका करणार होते. एकपात्री आणि नकला करणाऱ्या चौघा जणांची गोष्ट, पहिले तेरा भाग. जुन्या गाडीतून गावोगाव हिंडतात, स्टेजवर लोकांना हसवतात, आणि घरी मात्र ज्याची त्याची रड चाललेली. त्यांना आमच्या भागातली, खरोखर असले कार्यक्रम करणारी एक बाई हवी होती. निवड साताऱ्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी ती जाहिरात कापून वहीत ठेवली. मला वाटलं, ही माझीच गोष्ट, माझ्यासाठीच काढलीय. माझ्या माहेरच्या गावात, माझ्या वडिलांच्या ओळखीपाळखीच्या लोकांत माझं नाव होणार. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की तीन दिवस मी घरात कुणावर ओरडले नाही.

अर्जासोबत कार्यक्रमाचा फोटो पाठवायचा होता. माझा एकटीचा फोटोच नव्हता. होता तो आम्हा दोघींचा, मी हात उडवतेय आणि ही समोर मान घालून बसलीय. तोच पाठवला. बोलावणं दोघींना आलं.

सकाळच्या एसटीनं निघालो. आष्टा गेलं, पेठ नाका गेला. धाकटी खिडकीशी बसून आवळासुपारी चघळत होती, सिनेमाला निघाल्यासारखी. माझा जीव वरखाली. तिनं नुसतं बसून जी करामत केली होती ती मी बघितली होती. पण तिथं बोलावं लागणार होतं. मनात म्हटलं, बोलायला लागली की हिचं सगळं उघडं पडेल. तेवढ्यात तिनंच विचारलं, "आक्का, तितं मुंबैची मानसं. माझं बोलनं चालंल न्हवं?"

मी म्हणाले, "तुझी सगळी चूक एका अक्षराची आहे. तू ण ला न म्हणतेस. पानी, कोन, आनि. शिकलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. तू असं कर, तोंडात न आला की ण म्हण."

"सगळीकडं?" तिनं विचारलं.

मी मास्तरांची मुलगी. न कुठं आणि ण कुठं हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "सगळीकडं."

मग कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत मी तिच्याकडून घोटून घेतलं. नमस्कार नाही, णमस्कार. नवरा नाही, णवरा. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा वळून वळून बघायला लागला, तेव्हा मी आवाज बारीक केला. तिचा हात हातात घेतला होता मी. ती एकेक शब्द नीट म्हणायची आणि माझ्याकडं बघायची, बरोबर आलं का म्हणून. मी मान हलवायचे. तेव्हा लाज वाटली का? नाही वाटली. मला वाटत होतं, आता हिची काळजी नको.

हॉलमध्ये टेबलामागं तिघे जण बसले होते. आधी मी. चारही बाया केल्या, एक शब्द अडखळले नाही. ते म्हणाले, "छान. भाषा स्वच्छ आहे तुमची." मी हवेतच होते. मग धाकटी उभी राहिली, पदर खोचला, हात जोडले आणि म्हणाली, "णमस्कार मंडळी. माझा णवरा मला म्हणाला, मुंबईच्या माणसांसमोर णीट बोल, णाहीतर णाक कापलं जाईल."

टेबलामागचे तिघे एकमेकांकडं बघायला लागले. मग मधला माणूस जो हसायला लागला तो डोळे पुसेपर्यंत हसत राहिला. दुसऱ्यानं तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा हॉलच्या दारातले लोकही हसत होते. ती गोंधळून माझ्याकडं बघत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

पंधरा दिवसांनी पत्र आलं, ते एकट्या धाकटीला.

मला वाटलं होतं, आत्याबाई तरी आडव्या येतील. सून टीव्हीत जाणार म्हणजे काय! पण त्या म्हणाल्या, "जा गं, आमच्या वेळंला कोन बोलावत हुतं?" दीर पेढे घेऊन आले. माझ्या नवऱ्यानं माझ्यादेखत तिचं कौतुक केलं, त्या दिवशीची आमटी मी मुद्दाम अळणी ठेवली. शूटिंग वाई-पाचगणीच्या बाजूला, तीन महिने. तिची लेक माझ्याकडं. रोज त्या पोरीच्या वेण्या घालताना ती विचारायची, "काकू, आई कवा दिसंल टीव्हीत?" मी म्हणायचे, "मान सरळ ठेव."

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आळीतली निम्मी माणसं आमच्या बैठकीत होती. डोकं दुखतंय सांगून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेरचं ऐकू यावं म्हणून नळ मात्र बंद केला. देवासमोर दिवा लावला आणि अगदी मनापासून मागितलं, की वीज जाऊ दे. गेली नाही. 'णमस्कार मंडळी' ऐकू आलं आणि भिंतीपलीकडं एकच गदारोळ झाला. चौथ्या भागाला वीज गेली. तेव्हा मी वीज मंडळाला शिव्या घातल्या, कारण तिचा मोठा प्रवेश होता आणि मला तो बघायचा होता. एकीकडं बघवत नाही आणि दुसरीकडं चुकवतही नाही, अशी माझी तऱ्हा.

सहाव्या भागापर्यंत सांगलीभर ते झालं. मंडईत भाजीवाली मला म्हणायची, "णमस्कार वैनी, वांगी णेता का?" पोरं सायकलवरून ओरडत जायची. माझ्या माहेरून वडिलांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'तुझ्या जावेचे काम पाहिले. अशुद्ध बोलून इतके शुद्ध काम करणारी पाहिली नाही.' मी ते पत्र चुलीत घातलं. माझा ण होता तो! मी दिला होता! हे कुणाला सांगावं तर कुठल्या तोंडानं?

आणि मग आठवा भाग. आता मी बैठकीतच बसायला लागले होते, आत्याबाईंशेजारी. पडद्यावर एसटी. खिडकीशी धाकटी. शेजारी एक जाडसर बाई, कपाळाला आठी, थोरल्या जावेच्या भूमिकेत. ती बाई हिचा हात हातात घेऊन म्हणते, "तोंडात न आला की ण म्हण." ही विचारते, "सगळीकडं?" ती बाई आधी खिडकीबाहेर बघते, मग हळूच हसते आणि म्हणते, "सगळीकडं."

बैठक हसून लोळायला लागली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि एकेकीची मान माझ्याकडं वळली. शेजारची म्हणाली, "अगं बाई, ही तर डिट्टो तुम्ही!" आत्याबाईंचं हसू थांबलं. त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं. आयुष्यभर टीव्हीवर यायची हौस होती, ती अशी फिटली. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही ती सांगते. त्याही वेळी त्या जाडसर बाईचा मला हेवा वाटला. मी मला जेवढी जमले नव्हते तेवढी मी तिला जमले होते.

रविवारी धाकटी दोन दिवसांसाठी घरी आली. सोबत पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या. दुपारी घरात बाकी कुणी नव्हतं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि तोंड सोडलं. "घरातलं भांडण चावडीवर नेलंस! साऱ्या महाराष्ट्रात माझी शोभा केलीस! मी तुझं काय वाईट केलं होतं?"

"आवं आक्का, त्यांनी इचारलं ह्यो ण कुठनं आला," ती म्हणाली. "मी आपलं कौतुकानं सांगितलं, आमच्या आक्कांनी गाडीत शिकवला. त्यांनी त्याचं असं केलं. त्या बाईला मी म्हनलं बी, आमच्या आक्का अशा हसल्या न्हाईत."

"हसले नव्हते," मी म्हणाले. "पण मुद्दाम केलं होतं." ते कसं बाहेर पडलं मला कळलं नाही. "मला माहीत होतं ते चूक आहे. तुला हसावं लोकांनी आणि मला घ्यावं, म्हणून केलं."

ती स्ट्रॉबेऱ्या धूत होती, धूतच राहिली. म्हणाली, "मला ठावं हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. आक्का, नमस्कारातला न मला येत न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "मग म्हणालीस कशाला? नीट बोलायचं होतंस!"

तिनं नळ बंद केला. हात पदराला पुसले. लाजल्यासारखी झाली, जशी त्या खुर्चीवर व्हायची तशी नाही, खरीच.

"तुमाला लय हौस हुती त्याची," ती म्हणाली. "तीन दिस कुनावर वरडला न्हाईत तुमी. म्हटलं, मी चुकले तर तुमाला घेतील."

मी तिच्या जागी असते, तर बरोबर बोलले असते.