पूर्वेच्या भिंतीची माती

ख्राइस्टचर्चमधल्या नोकरीला मला जेमतेम आठ महिने झाले होते. जमिनीत तेल, रसायनं मुरली आहेत का, हे तपासणारी आमची छोटी कंपनी. बंद पडलेल्या एका गॅरेजमागे पुरलेली डिझेलची टाकी त्या दिवशी बाहेर काढली होती. खड्ड्याच्या चारही भिंतींची आणि तळाची माती बाटल्यांत भरून लॅबला पाठवायची, हे माझं काम. डिगर, म्हणजे खोदायचं यंत्र, बकेटमधून माती वर देणार, मी ती हाताने बाटलीत भरणार. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, हा पहिला नियम.

पूर्वेच्या भिंतीला लागून कुंपण होतं आणि पलीकडे एका आजोबांची बाग. बटाटे, कांद्याची पात, आणि पालकाचा थोरला भाऊ शोभेल असं सिल्व्हरबीट. ते सकाळपासून कुंपणाशी उभे होते. त्यांनी एकच विचारलं, माझ्या बाजूला आलंय का काही? निकाल आला की कळवू, असं मी सांगितलं.

तळाची माती काळी पडली होती, डिझेलचा भपकारा येत होता. ती खरं तर शेवटी घ्यायची. पण डिगर पूर्वेला उभा असल्यामुळे बाकीच्या तीन भिंती आणि तळ आधी उरकला. डिगर जागा बदलत असताना मुलीच्या किंडीतून, म्हणजे बालवाडीतून, फोन आला. तिला ताप भरला होता, घेऊन जा म्हणाले. मी घाईघाईने शेवटची बाटली भरली, सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, वाटेत लॅबमध्ये दिल्या आणि किंडी गाठली.

मुलीला औषध पाजताना एकदम आठवलं. फोन घ्यायला मी उजव्या हाताचा मोजा काढला होता. मग नवा घातला, की तळाच्या मातीने बरबटलेला तोच पुन्हा चढवला? काही केल्या आठवेना. मोजे बदलले की फॉर्मवर खूण करायची असते. फोनमध्ये काढून ठेवलेला फॉर्मचा फोटो पाहिला. शेवटच्या ओळीपुढे खूण नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, निकाल स्वच्छ आला तर प्रश्नच मिटला, आत्ताच कशाला बोलतेस? आमच्या दोघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता. मला त्याचं म्हणणं पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. आठवडाभर ईमेलचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी आधी फोन बघायचे.

निकाल आला. तीन भिंती स्वच्छ. तळ खराब, ते दिसतच होतं. आणि पूर्वेची भिंतही खराब.

बॉसने तेव्हाच आजोबांना फोन करून सांगितलं, की पुढची तपासणी होईपर्यंत बागेतलं काही खाऊ नका. मी समोरच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बॉस मात्र दोनदा म्हणाली, किती दिवसांपासून ते आम्हाला सांगता येणार नाही. तिने फोन ठेवला.

"शेवटच्या नमुन्याच्या वेळी मी मोजे बदलले होते की नाही, मला आठवत नाही," मी म्हणाले.

तिने माझा फॉर्म स्क्रीनवर उघडला आणि शेवटची ओळ पाहिली.

"मी त्यांना फोन करायच्या आधी हे मला कळायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गेलो. खड्डा अजून उघडाच होता. पूर्वेच्या भिंतीचे तीन नमुने घेतले. दर वेळी मी नवे मोजे घातले आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. मान वर केली तेव्हा कुंपणापलीकडे नुसती उकरलेली माती दिसली. आजोबांनी सगळी बाग उपटून टाकली होती.

लॅबने दोन दिवसांत निकाल द्यायचं कबूल केलं. त्या दोन दिवसांत माझ्या मनात जे आलं, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. मला वाटत होतं, ती माती खरोखरच खराब निघावी. म्हणजे माझी सुटका होईल.

तिन्ही नमुने स्वच्छ आले.

सांगायला मीच जाईन, असं मी बॉसला म्हटलं. आजोबांनी दारातच ऐकून घेतलं. मोज्याचं सांगताना माझं इंग्रजी अडखळत होतं.

"म्हणजे माझ्या मातीत काहीच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं. चूक माझी होती. मला माफ करा."

ते रागावले नाहीत, आणि इथे सगळे म्हणतात तसं 'नो वरीज'ही म्हणाले नाहीत. शनिवारी नात आली की ती इथलेच बटाटे उकडून खायची, तिच्या आईला फोन करून काय काय सांगावं लागलं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "मला हे कागदावर हवंय. उद्या घर विकायला काढलं तर लोक विचारतील."

पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. नमुना घेताना आमच्याकडून चूक झाली, असं बॉसने सुचवलं होतं. मी 'आमच्याकडून'चं 'माझ्याकडून' केलं. तिने ते वाचलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, आणि मी गाडी काढून ते त्यांच्या हातात देऊन आले.