बापूंच्या झडत्या आणि कुलूपबंद सर्व्हर

स्क्रीन निळी होती आणि तिच्यावर एकच मागणी होती. रिकव्हरी की टाका.

"टाक ना मंग," रत्नमालाकाकू म्हणाल्या.

"माझ्याकडे कुठून असणार? तुमच्याकडे असायला पाहिजे."

"माझ्याकडे घराची किल्ली आहे. कपाटाची आहे. याची मले कोणी देल्लीच नाई."

मोहाडीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करते. काकूंचं गाव तिथून जवळच. त्या अंगणवाडी सेविका. त्यांचे वडील, बापू, या उन्हाळ्यात गेले. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्या भागात कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं दोन-चार ओळी म्हणतो. त्यात देव असतो, पीकपाणी असतं आणि पुढाऱ्यांची काढलेली खरडपट्टी असते. ती झडती. बापूंच्या झडत्या ऐकायला शेजारच्या गावची माणसं आपले बैल घरी बांधून येत.

या झडत्या काकू दरवर्षी मोबाइलवर रेकॉर्ड करत आणि घरच्या सर्व्हरवर ठेवत. होम सर्व्हर हे नाव ऐकायला मोठं. प्रत्यक्षात तो घरातला कायम चालू ठेवलेला एक कॉम्प्युटर. वायफायवरून कुणाचाही मोबाइल त्याच्याकडे फाइल मागतो, तो देतो. बस.

यंदा बापूंशिवायचा पहिला पोळा. गावानं ठरवलं होतं की तोरणाखाली भोंग्यावर बापूंचाच आवाज लावायचा. काकूंनी शब्द दिला होता. तेवढ्यात वीज पडली आणि सर्व्हरचा मदरबोर्ड जळला.

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात ती पाटी. ती मी बदलली. हार्ड डिस्क, म्हणजे फाइली जिथे राहतात तो भाग, शाबूत होती. मला वाटलं काम झालं. पण कॉम्प्युटरसोबत आलेल्या कंपनीच्या सिस्टीमनं, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, त्या डिस्कला आधीच कुलूप घातलेलं होतं. म्हणजे फाइली अशा कालवून ठेवायच्या की किल्लीशिवाय कुणाला काही कळू नये. किल्ली जुन्या बोर्डात होती. नवा बोर्ड दिसल्यावर सिस्टीमनं ठरवलं, घरात चोर शिरला.

चोरापासून जपायला कुलूप लावा, जरूर लावा. पण घरमालकाला सांगायची रीत आहे की नाही? 'यंत्र तुमचं, ताबा कुणाचा?' हे पत्रक मी मोहाडीच्या बाजारात उन्हात उभं राहून वाटलेलं आहे. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. त्या दिवशी मला वाटलं, पत्रक फार सौम्य लिहिलं.

किल्लीची एक प्रत कंपनीकडे असते, ज्याच्या ईमेलवर कॉम्प्युटर सुरू केला त्याच्या खात्यात. काकूंना ईमेल नव्हता. हा कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराला मी फोन लावला. त्यानं दुकान केव्हाच बंद केलं होतं.

"कोणता ईमेल टाकला होता?"

"माझाच. मी सगळ्याच गिऱ्हाइकांले माझाच टाकत होतो ना."

"सगळ्यांना?"

"मंग? इथं कोणाजवळ ईमेल असते, मॅडम? एक केला, त्याच्यावरच सगळं चालवलं."

"त्याचा पासवर्ड?"

"तो जुन्या नंबरवर होता. नंबर बंद झाला. तुम्ही काहून एवढ्या तापून राहिल्या? फॉरमॅट मारा ना!"

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. मी फोन ठेवला. बोलले असते तर ते छापण्यासारखं नसतं.

मग मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. लिनक्स ही दुसरी सिस्टीम, मुक्त, कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. मी तिची कट्टर प्रचारक. तिनं डिस्क ओळखली, त्यावर कुलपाचं चित्र दाखवलं आणि नम्रपणे तीच किल्ली मागितली. लिनक्स जादू नाही.

"काकू, बॅकअप आहे? म्हणजे दुसरी कॉपी, दुसऱ्या कुठल्या जागी ठेवलेली?"

"नाई वं. जे होतं ते याच्यातच."

"तुमच्या मोबाइलमध्ये?"

"मोबाइल भरला का पुसत होती मी. म्हटलं, सर्व्हरवर आहे ना."

मी कुलूपबंद डिस्क काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, फेकू नका, कधी किल्ली सापडली तर. त्यांनी ती बापूंच्या फोटोसमोर ठेवली आणि पदरानं पुसली.

"नवी डिस्क लावते. सिस्टीम कोणती टाकू?"

"ते जुनी नको. माझ्या घरात राहून मलेच चोर म्हणते."

इतकं नेमकं वाक्य मला कुठल्याच पत्रकात साधलेलं नाही. मी लिनक्स टाकायला घेतलं. ते कुणी बनवलं, हे काकूंनी विचारलं. देशोदेशीच्या माणसांनी, म्हटलं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या. ज्याला जमलं त्यानं थोडं लिहिलं, दुसऱ्यानं सुधारलं, आणि सगळ्यांना वापरायला दिलं.

"आन फुकट काहून देते ते?"

"बापू झडतीचे पैसे घेत होते?"

"हट! झडतीचे कोणी पैसे घेते का?"

सर्व्हर सुरू झाला. झटपट, शांत, ना खातं मागितलं ना ईमेल. काकूंनी स्वतः फोल्डर बनवून त्याला नाव दिलं, बापू. उघडून पाहिला. रिकामा.

"घर तं मस्त बांधलं, प्रज्ञा," त्या म्हणाल्या. "राहणाराच नाई."

मी स्कूटी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणा चालू होता. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, बायका वाकून रोपं लावत होत्या. धुऱ्यावर, दोन खाचरांमधल्या बांधावर, एक छोटा स्पीकर वाजत होता. मी पुढे गेले आणि ब्रेक दाबला.

"रस्ता गेला वाहून, पुलाले नाई ठिकान,
उद्घाटनाच्या नारळाचं खोबरं खाल्लं कोन?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

तो बापूंचा आवाज होता. खडा, किंचित घोगरा. वाकलेल्या बायका हसत 'महादेव' म्हणत होत्या आणि त्याच ठेक्यात रोपं चिखलात जात होती. चपला हातात घेऊन मी धुऱ्यावरून धावले.

"मावशी, हे कुठून आलं?"

"चिपमधून," ती मावशी कंबर सरळ करत म्हणाली. चिप म्हणजे स्पीकरमधलं मेमरी कार्ड.

"चिपमध्ये कुठून?"

"रत्नमालाच्याच घरून! पोळ्याची पुरणपोळी खाऊन झाली का बापू सगळ्यांच्या चिपा भरून देत होता. आमच्या घरी दोन आहेत. कायले विचारून राहिली तू?"

मी तिथेच बसले, ओल्या धुऱ्यावर. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. आल्यागेल्याला झडत्या भरून देणं म्हणजे त्यांच्या लेखी परसातली वांगी देण्यासारखं होतं. दिलेल्या वांग्यांना कोणी बॅकअप म्हणतं का?

चिपा काकूंकडे आणा, हा निरोप रोवण्याच्या बायकांनी नेला. इंटरनेट इतकं पळत नाही. काकूंच्या पडवीत चिपा येऊ लागल्या. ट्रॅक्टरच्या टेपमधली, बटणांच्या फोनमधली, कुणाच्या पदराच्या गाठीतली. एक काडेपेटीत कापसावर ठेवून आणलेली. मी एकेक लावत गेले, नवा सर्व्हर गिळत गेला. मी तोवर सर्व्हर म्हणजे एका घरातली पेटी समजत होते. बापूंचा सर्व्हर शिवारभर पसरलेला होता, आणि तो चालवणाऱ्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

आसगावला दिलेल्या एका मुलीनं भावाच्या हाती चिप पाठवली. तिच्यात झडत्यांच्या शेवटी तिनं स्वतःच्या फोनवर केलेलं एक रेकॉर्डिंग होतं. पोळा फुटल्यावर, म्हणजे बैल तोरणाखालून घरोघरी गेल्यावर, बापू तिच्या माहेरच्या अंगणात बसलेत. कुणीतरी विचारतं, "बापू, तुमच्या मागं कोन म्हणन?"

"रत्ना म्हणन ना," बापूंचा आवाज. "तिले माझ्याहून जास्त येते. फक्त लाजते. तुम्ही बोलवा, ते येईन."

काकूंनी हे कधीच ऐकलेलं नव्हतं. त्या वेळी त्या घरी पंगतीला वाढत असणार. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पोळ्याला भोंग्यावर बापू वाजले. गाव हसलं, गाव रडलं. मग काकू पुढे झाल्या आणि भोंगेवाल्याला म्हणाल्या, "बंद कर रे जरा." तोरणाखाली बाईनं झडती म्हटलेली मी तोवर पाहिली नव्हती. बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता.

"हिरव्या बांधीत धान डोले, धुऱ्यावर बसला बगळा,
घर आमचं, कुलूप तुमचं, हा कोन्या गावचा घोटाळा?
एक नमन गौरा पारबती..."

पुढचं गावानं म्हटलं. आजूबाजूला पाहिलं तर सगळीकडे मोबाइल वर झालेले. बॅकअप चालू होता.

जुनी डिस्क अजून फोटोसमोर आहे, कुलूपबंद. माझ्या संतापातही काही फरक पडलेला नाही. पत्रक मात्र नव्यानं छापलं आणि गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न बदलला. 'बॅकअप आहे का?' याला उत्तर 'नाही' आलं, की मी लगेच पुढचं विचारते, "बरं, कोणाकोणाला देऊन ठेवलंय?"