सारजाबाईचे चार दिवस

परंड्याजवळच्या एका वस्तीवर सारजाबाई दर महिन्याला चार दिवस बाहेर बसायची. कावळा शिवला म्हणून गोठ्यालगतच्या पडवीत तिचं घोंगडं वेगळं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. चुलीला शिवायचं नाही, देवघराकडं फिरकायचं नाही. इतर बायांना त्याचा जाच वाटायचा. सारजाबाईला मात्र तेवढेच चार दिवस कुणी काम सांगत नसे.

म्हणून पन्नाशीला पाळी गेली तेव्हा तिनं तोंड शिवून घेतलं. महिना भरला की घोंगडं काखेत मारायचं आणि पडवी गाठायची. दोन वर्षं हे सोंग तिनं बिनबोभाट वठवलं.

त्या चार दिवसांत पहाटे ती अंगणवाडीच्या ओट्यावर जायची. तिथं आरोग्य उपकेंद्रातली सबिहा सिस्टर बायांना योगासनं शिकवायची. ताडासनात ब्लाउज काखेत उसवला तर खुशाल उसवू द्या म्हणायची. ती सांगायची, पाळी होती तोवर काळजाला आतून राखण होती, आता ती गेली. बीपी चढतं, चरबी साठते, तर आता राखण तुम्हीच करा. भरभर चाला, इतकं की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आणि छातीत दाबून घाम फुटला तर आसनं राहू द्या, हाक मारा, दवाखाना गाठा.

सारजाबाईचं बीपी वाढलेलंच होतं. महिन्यातनं चार दिवस येऊन काळीज सुधरत नसतं, असं सबिहा तिला सारखं बजावायची. घरचे सोडत न्हाईत, असं सारजाबाई एकदा बोलून गेली, आणि सबिहा सरळ घरीच आली. सासू कडूबाई उंबऱ्यात तंबाखू मळत होती.

"आजी, मावशींची पाळी जाऊन दोन वर्षं झाली. ह्या वयात काळजाला जपावं लागतं. सकाळचा अर्धा तास त्यांना रोज सोडा."

कडूबाईचा हात थांबला. "दोन वर्षं? मग मागल्या आठवड्यात पडवीत कोण बसलं हुतं?"

सारजाबाई पाट्यावर चटणी वाटत होती. ती वाटतच राहिली. आतून तिची सून हर्षाली आली. चार दिवसांचं सगळं काम तिच्या अंगावर पडायचं. "आत्या, म्हंजे म्या फुकट मेले व्हय?" ती म्हणाली.

सबिहाला आपण काय करून बसलो ते कळलं. ती सावरू लागली, काळजाचं पुन्हा सांगू लागली.

"काळीज?" कडूबाई म्हणाली. "आमच्या येळंला बायांना काळीज नव्हतंच. हिला चालायचंय ना? मग पाण्याला हिरीवर चालंल."

देवीला फसवल्याचं प्रायश्चित्त म्हणून देवीचा रोजचा नैवेद्य सारजाबाईवर आला, पहाटे अंघोळ करून, ओलेत्यानं. अंगणवाडीच्या ओट्यावर जाणं तुटलं. नवरा लिंबाजी तिच्याशी बोलेना.

पुढं हर्षाली बाहेर बसली त्या दिवशी मंगळवार होता, पुरणाचा नैवेद्य. पुरण घाटता घाटता सारजाबाईच्या छातीवर पाटा ठेवावा तसं दाबलं. हात जड झाला. सिस्टरनं सांगितलं होतं तसं तिनं सांगितलं, "आत्याबाई, छाती दाबतीया. सिस्टरला बोलवा."

"मागं पाळी आणलीस, आता छाती आणलीस," कडूबाई म्हणाली. "फुडल्या म्हयन्यात बाळंत व्हशील."

हर्षालीनं पडवीतनं पाहिलं. सासूच्या कपाळावरनं घाम निथळत होता आणि तोंड राखेसारखं पडलं होतं. हे सोंग नव्हे, हे तिला कळलं. ती घोंगडं टाकून धावली.

"शिवू नगं! निवद बाटंल," कडूबाई ओरडली.

हर्षालीचा पाय उंबऱ्यावर अडला. दोन्ही हात पुढं केलेले तसेच राहिले. "आजी, तुमी तरी धरा की त्यांना," ती म्हणाली.

सारजाबाई चुलीपुढं कलंडली. कडूबाई लगबगीनं उठली आणि तिनं आधी नैवेद्याचं ताट उचलून फळीवर ठेवलं.