पेले ला, दोचू ला

साडू गोड बोलू लागला की कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरून चालतो. आमचा साडू भूगोलाचा मास्तर, आता रिटायर. राहायला बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. आम्ही नांदुऱ्याचे, घाटाखालचे. जिल्हा एकच, पण घाटावरच्या माणसाला थंड हवेची जरा गुर्मीच असते, आणि आम्ही त्याला उन्हानं डोकं फिरलेले वाटतो. त्यात आम्ही दोघं एकाच घरचे जावई. अधिक महिन्यात सासूबाईंनी कोणाच्या ताटात किती अनारसे वाढले, यावर दोघांचीही वर्षानुवर्षं बारीक नजर. तो आमच्याकडे यायचा तो बायकोच्या मागे, पिशवी धरून. आला की पेपरात तोंड घालायचा, ते ती निघेपर्यंत.

मागच्या थंडीत ती गेली. माझ्या बायकोची ती सख्खी बहीण. तेरावं झालं तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला कशाला दिसतो. आणि उन्हाळा लागायच्या आत एका रविवारी हा एकटाच दारात उभा, काखेत नकाशाची गुंडाळी.

"भाऊ, भूतानले येता काय? सायकलनं."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं चहाचं आधण ठेवलं.

"भूतानले काऊन?" मी विचारलं.

"बुद्धाचा देश हाय. डोंगर हायत. शांत वाटते म्हणतात."

शांत! ज्याच्याशी मी उभ्या जन्मात पावसापाण्यापलीकडे बोललो नाही, त्याला माझ्यासोबत शांतता पाहिजे. मी डोकं खाजवत बसलो. सासऱ्यांच्या जमिनीचं काही काढायचं असेल? की तिथल्या एखाद्या मठात बसून घ्यायचं आणि दोन्ही सायकली घेऊन मला एकट्याला परत पाठवायचं? की नुसतं माझं हसं करायचं? हे तिसरं मला जास्त पटलं. कापसाच्या जिनिंगात कारकुनी केलेला, सपाटीवर वाढलेला माणूस परदेशात डोंगरावर धापा टाकतो, हे बघायला घाटावरच्याला किती मजा येईल!

पण तो दर रविवारी यायला लागला. दुपारी बसनं यायचा, जेवायचा, मग सतरंजीवर नकाशा पसरून त्याच्या कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवायचा. हावड्याची गाडी शेगावला पकडायची की नांदुऱ्याला, परवाना कुठं मिळतो, सायकली गाडीत चढवायच्या कशा, एकेका मुद्द्यावर अख्खी दुपार. मधेच म्हणायचा, "मी त रोज घाट चढून राह्यलो, भाऊ. तुमची तयारी कशी हाय?" आव्हानच ते. मी चिडून गिअरची सायकल घेतली. आधी वडनेर भोलजीपर्यंत जाऊन परत यायचो, मग हिंमत करून शेगाव गाठलं. रस्त्यात ओळखीचे विचारायचे, "काका, गाडी इकली काय?" खरं सांगतो, संशय जात नव्हता आणि मला भूतान मात्र हवंसं वाटायला लागलं होतं. प्रार्थनेची रंगीत निशाणं, धुकं, आणि आपण त्यातून सायकल हाणतोय. आयुष्यात एकदा तरी.

त्यानं मोबाईलवर रस्ता पाठवला: थिंफू, दोचू ला, पुनाखा, पुढे पेले ला, त्रोंग्सा, योतोंग ला. मी वाचलं, आधी दोचूला जायचं, मग पेलेला. मनात हसलो. आपण दोचूले म्हणणारे लोक, पण मास्तर मोबाईलवरही पुण्याची भाषा लिहितो. एक मात्र खटकलं. मास्तर असून प्रत्यय तोडून का लिहिला? आणि थिंफूला 'ला' नाही, पुनाखाला नाही, मग दोचूलाच का? मी त्याला विचारलं, "दोचूले मुक्काम करायचा काय? गाव मोठं हाय?" तो नकाशात बघत म्हणाला, "बरं हाय गाव."

एका संध्याकाळी बायको मोबाईलवर भूतानचा व्हिडिओ बघत होती. एकदम म्हणाली, "अवो, हे दोचू ला गाव नोय. घाट होय. तिकडं घाटालेच 'ला' म्हणतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे त्या यादीत तीन घाट होते, आणि बुलढाण्याला चढणाऱ्या आमच्या राजूर घाटाला गिळून टाकतील असे. भूगोलाच्या मास्तरला हे माहीत नसेल? मला लबाडीनं वर नेऊन पाडायचं होतं! दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याची बस धरली. त्याच्या घरी बायकोशिवाय मी पहिल्यांदाच जात होतो.

दाराच्या कडीला मेसचा डबा लटकत होता, दुपार उलटली तरी न उघडलेला. अंगणात सायकल नव्हती. घरातही नव्हती.

"सायकल कुठी हाय?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

"नाही घेतली अजून."

"अन् रोज घाट चढून राह्यलो म्हणे! दोचू ला घाट हाय, हे तुम्हाले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मंग सांगलं काऊन नाही?"

तो खुर्ची पुसत राहिला. मग म्हणाला, "घाट म्हटलं असतं त तुम्ही पहिल्याच रविवारी नाही म्हटलं असतं. मंग दुसऱ्या रविवारी मी कोण्या नात्यानं आलो असतो? ती होती तोवर मी साडू होतो. नुसतंच येऊन बसाले काहीतरी कारण लागते नं, भाऊ."

इतके रविवार मी त्याच्या डोळ्यांत जमीन शोधली, मठ शोधला, कुचेष्टा शोधली. एवढं साधं काही असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण भूतान गेलं होतं. मी डबा कडीवरून काढला, आम्ही दोघांनी त्यातलंच खाल्लं. भाजी पांचट होती.

संध्याकाळी तो मला स्टँडवर सोडायला आला. बस हलायला लागली तसा खिडकीशी येऊन त्यानं विचारलं, "रविवारी येऊ नं मंग?"

"सायकल घ्या अन् सायकलनंच या," मी म्हणालो. "येताना त घाट उतरायचाच हाय तुम्हाले. परत चढाले मी हाय संगं."