आबांची निर्गुडी

गांजा पकडणाऱ्या सरकारी खात्यात लागल्यावर मी पहिली धाड माझ्याच घरावर घातली.

त्याआधी तीन वर्षं मी मुंबईत होतो. अलिबागच्या कचेरीत रुजू झालो तेव्हा मला गांजाच्या पानाचं चित्र दाखवलं: एका देठावर पाच लांबट पानं. (चित्राला वास नसतो, हे कुणी सांगितलं नाही!) शनिवारी नागावला घरी आलो, तर विहिरीमागे पुरुषभर उंचीची तीन झुडपं. देठादेठाला पाच-पाच पानं!

सोमवारी आमचे साहेब गावात पाहणीला यायचे होते. आबा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेलेले. आई ओटीवर गुडघे चोळत बसलेली.

"आई, विहिरीमागे काय लावलंय?"

"आबांनी औषध लावलंय माझ्यासाठी. त्या पाल्याच्या शेकानं किती बरं वाटतं म्हणून सांगू!"

वाटणारच, मी मनात म्हटलं आणि कुदळ उचलली. आई ओटीवरून ओरडत राहिली, "अरे, थांब रे!" पण तिला उठून येता येईना. मी झुडपं मुळासकट खणली, वाळका पाचोळा घालून पेटवली. उग्र धुरानं अख्ख्या आळीतले डास पळाले!

धूर बघून आबा धावत आले.

"निर्गुडी जाळलीस?"

"निर्गुडी? पण आबा, पाच पानं..."

"तुझ्या हाताला पण पाच बोटं हायत! तू पण गांजाच काय?" एवढं बोलून ते राखेजवळ मटकन बसले. "चौलवरून डहाळ्या आणल्या व्हत्या मी. चालत."

सोमवारी साहेब खटाऱ्यातून उतरले ते गुडघा धरूनच. "इथं कुणाकडे निर्गुडी मिळेल का हो?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "परवापर्यंत व्हती, साहेब." मग मलाच सगळं सांगावं लागलं!

निर्गुडी चिवट. मुळाचा तुकडा राहिला तरी फुटते, म्हणून मी महिनाभर तिथे पाणी घातलं. काही उगवलं नाही. (सरकारी काम आयुष्यात तेवढं एकच मी चोख केलं!)

त्या पावसाळ्यात आईचे गुडघे जास्तच धरले. अलिबागला माझ्या बहिणीचं डोहाळजेवण होतं, त्याला तिला जाता आलं नाही. हिरवी साडी माझ्या हातात देत म्हणाली, "तू घाबरलास रे, दुसरं काय!" रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे मीही चौलला चालत गेलो, डहाळ्या आणून लावल्या. शेकापुरता पाला मिळायला वर्ष गेलं.

आणि कचेरीत? नवा माणूस रुजू झाला, की साहेब त्याला माझ्या टेबलाशी आणून उभं करत.

"निर्गुडी कशी ओळखायची ते यांना विचारा. वडील बाजाराला गेले असताना यांनी घरीच अभ्यास केलाय!"