लेबलवर बाग, आत पिवळी रेती

मिल बंद झाल्यावर बाबांचा कुठल्याच कागदावर विश्वास उरला नाही. फाटकावर 'तात्पुरती बंद' अशी नोटीस लागली होती, तिला दोन वर्षं होऊन गेली होती. सगळी नोकरी त्यांनी कापडातले दोष शोधण्यात घालवली. आता दुपारभर माझ्या टेबलाशी बसून ते माझे दगड तपासत.

मी तेव्हा भूविज्ञानात पीएचडी करत होते. बाग नावाच्या गावाजवळच्या चुनखडीत सापडणारे स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचे, दगड झालेले शिंपले, हा माझा विषय. त्यांच्या फासळ्या मोजायच्या, बिजागरीपाशी असणारे दोन कान मापायचे आणि कोण कोणापासून निघालं याची वंशावळ मांडायची. दोन शाखांना जोडणारा शिंपला एकच होता. माझ्या सरांनी तरुणपणी आणलेला. लेबल त्यांच्याच अक्षरात: बाग.

एकदा तोच शिंपला हातात घेऊन बाबा म्हणाले, "बेटा, बाकी सगळ्यांच्या पोटात लालसर चुना आहे. ह्याच्यातच पिवळी रेती कशी?"

"सरांनी स्वतः आणलाय, बाबा."

"छाप एका मिलची, माल दुसऱ्या मिलचा, असे कापडाचे थान मी कितीतरी पकडलेत. लेबल नको, माल बघ."

मला राग आला. पण भिंगाखाली पाहिलं, तर रेतीच.

सरांना विचारलं, "सर, हा नेमका कोणत्या थरातला?"

"लिहिलंय ना त्यावर?" त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या आठवड्यात नमुन्यांच्या कपाटाला कुलूप दिसलं. म्हणाले, "आजकाल सामान गायब होतं."

मी बाबांना घेऊन बसने बागला गेले. दोन दिवस टेकड्या धुंडाळल्या. खालच्या थरात रेती होती, पण जाडीभरडी. शिंपल्यातली मैद्यासारखी बारीक. तशी कुठेच मिळाली नाही.

परत आल्यावर तो शिंपला मी वंशावळीतून काढला. दोन शाखा सुट्या राहिल्या. नातं सिद्ध होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. सरांनी ते पान बराच वेळ पाहिलं. "तुझी मर्जी," म्हणाले आणि सही केली. का काढला, हे विचारलंच नाही.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"किंवा माझ्यावर भरवसा असेल."

पदवी मिळाली. दरवर्षी जायचे, पण त्या दिवाळीला मी सरांकडे फराळाला गेले नाही, आणि का आली नाहीस, असं त्यांनीही कधी विचारलं नाही.